ड्रॅगन एक नंबर, बाकी सगळी पिंपं

‘द हॉबिट: द डेसोलेशन ऑफ स्माउग’ हा सिनेमा १६१ मिनिटांचा आहे. गोष्ट एवढीच: ड्रॅगननं बळकावलेला आपला डोंगर आणि त्यातलं सोनं परत घ्यायला राजवंशाचा वारस थोरिन आणि त्याचे बारा बुटके निघतात, सोबत चोरीच्या कामाला नेलेला बिल्बो नावाचा हॉबिट, म्हणजे बुटक्यांहूनही ठेंगणा माणूस, आणि जादूगार गॅन्डाल्फ. ज्याच्या नावावर तिकिटं खपवली तो ड्रॅगन स्माउग डोळा उघडतो तेव्हा दोन तास होत आलेले असतात. लग्नाचं आमंत्रण देऊन नवरदेव पंगती उठल्यावर उगवावा, तशातली गत. बरं, उगवतो तोही असा की आधीचे दोन तास कोण कशासाठी पळत होतं तेच आठवेनासं होतं. पैसे वसूल होतात, पण फक्त त्याच्यामुळे.

उच्चाराचं आधी मिटवून टाकू. काहीजण त्याला ‘स्मॉग’ म्हणतात, पण ‘स्मॉग’ म्हणजे शहरातलं धुरकं. सिनेमातली मंडळी स्पष्ट ‘स्माउग’ म्हणतात, तेव्हा इथेही तेच. आणि शेवट फोडला म्हणून कोणी रुसू नये. मूळ पुस्तक १९३७ सालचं आहे, सिनेमा २०१३ चा. इतक्या वर्षांनंतर गुपित राखायचा ठेका आमच्याकडे नाही.

पीटर जॅक्सनच्या या तीन भागांवर नेहमीचा आक्षेप असा की एवढंसं पुस्तक ताणून ताणून त्याची चिवट चिक्की केली. आकडे त्याला साथ देतात: १६९, १६१ आणि १४४ मिनिटं, एकूण ४७४, म्हणजे आठ तासांना सहा मिनिटं कमी. पुस्तक मात्र १९ प्रकरणांचं, तेही मुलांसाठी लिहिलेलं. तरीही दुसऱ्या भागाचं दुखणं वेगळं आहे. त्याच्या वाट्याला सातव्यापासून बाराव्यापर्यंतची सहा प्रकरणं येतात आणि त्या प्रकरणांत जे आहे ते सिनेमात ताणलेलं नाही, उलट भराभर उरकलेलं आहे. अस्वलमाणसाकडचा पाहुणचार उरकला, जंगलातली उपासमार उरकली, कैद उरकली. वाचलेल्या वेळात धावपळ, बाण आणि मुंडकी भरली. वरण पातळ केलं असतं तर चाललं असतं. इथे वरण कमी वाढून भांड्यात नुसती फोडणी ओतली आहे.

हे का झालं त्याचं कारण जगजाहीर आहे. मुळात दोन सिनेमे ठरले होते. मुख्य चित्रीकरण उरकल्यावर, जुलै २०१२ मध्ये, दोनाचे तीन झाले. जुन्या आराखड्यात बुटक्यांची कैदेतून पिंपांत बसून सुटका झाली की पहिला भाग संपणार होता: नदीच्या काठावर धनुष्य ताणून उभी असलेली एक काळी आकृती, आणि पडदा. ती आकृती आजही दुसऱ्या भागात तशीच आहे, फक्त आता ती सिनेमाच्या मधोमध येते. म्हणून त्या ठिकाणी उगाच मध्यंतर झाल्यासारखं वाटतं. एका सिनेमाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं जिथे शिवलं, तो टाका तिथे दिसतो. चहा टाकायचा असेल तर त्याच टाक्यावर उठा.

सुरुवात बेऑर्नपासून. हा दिवसा माणूस, रूप पालटलं की अस्वल. पुस्तकात त्याला पाहुण्यांचा तिटकारा असतो. गॅन्डाल्फ त्याला गोष्ट सांगायला बसतो आणि गोष्ट रंगात आली की दोन-दोन बुटके अंगणात अवतरतात. पुढचं ऐकायची हाव सुटेना म्हणून बेऑर्न त्यांना हाकलतही नाही, आणि शेवटी तेराच्या तेरा ताटावर बसलेले असतात. नको असलेले पाहुणे गळ्यात कसे मारावेत याचा हा वस्तुपाठ. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत काय आहे? सगळे धावतात, अस्वलाच्या नाकावर दार आपटतात, झोपतात, सकाळी दूध पितात, घोडे घेतात, चालू लागतात. विनोदाचा अख्खा प्रसंग बाहेर आणि पळापळ आत. १८६ मिनिटांच्या वाढीव आवृत्तीत ते जोडीजोडीनं येणं परत घातलं आहे. त्यावरून एवढंच कळतं की चित्रित झालं होतं, कापलं गेलं.

मर्कवूडच्या जंगलाचंही तेच. पुस्तकात हे लोक दिवसचे दिवस काळोखात चालतात, शिधा संपतो. ज्याच्या पाण्यानं गुंगी येते अशा ओढ्यात लठ्ठ बॉम्बूर पडतो, झोपतो, आणि पुढे त्याचं धूड बाकीच्यांना खांद्यावरून न्यावं लागतं. त्यात भर म्हणून बिल्बो झाडाच्या शेंड्यावर चढतो आणि त्याला चारी बाजूंना फक्त झाडंच दिसतात, कारण ते झाड दरीच्या तळाशी असतं. जंगलाची कड खरं तर फार लांब नसते, पण त्याला ते कळत नाही, आणि खाली येऊन तो सगळ्यांचा उरलासुरला धीर घालवतो. सिनेमात बिल्बो वर चढतो तर निळी फुलपाखरं, वारा, समोर तळं, तळ्यापलीकडे तोच तो डोंगर. पर्यटन खात्याच्या जाहिरातीत शोभलं असतं. वाट चुकलेल्या माणसाला शेंड्यावर जाऊन नकाशा मिळाला, तर मग वाट चुकवली कशाला?

मर्कवूडमधली एक गोष्ट मात्र अव्वल आहे. कोळ्यांशी झटापटीत बिल्बोच्या हातून जादूची, घालणाऱ्याला अदृश्य करणारी अंगठी निसटते आणि बिळातून वर आलेल्या एका पांढुरक्या, खेकड्यासारख्या किड्याचा पाय तिला लागतो. किडा त्याच्या वाटेला गेलेला नसतो. बिल्बो त्याला भोसकून भोसकून मारतो, अंगठी उचलतो, ‘माझी’ म्हणतो आणि मग स्वतःच्या हाताकडे बघून त्याला मळमळतं. बिल्बो झालेल्या मार्टिन फ्रीमनला हे करायला अर्धं मिनिटही लागत नाही. अंगठी माणसाचं काय करते हे सांगायला इतर ठिकाणी धूर, ज्वाळा आणि घोगरे आवाज लागतात. इथे एका चेहऱ्यात काम झालं.

मग एल्फ येतात, म्हणजे जंगलात राहणारे चिरतरुण धनुर्धारी. ली पेसचा राजा थ्रँडुइल नाक वर करून चालणारा, कपडे न चुरगळणारा, बोलताना समोरच्याला ढेकूण समजणारा. बघायला मजा येते. त्याचा मुलगा लेगोलास पुस्तकात नाही, पण राजाचा पोरगा घरी असणारच, म्हणून तेवढं माफ. अडचण अशी की गोष्ट ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या ६० वर्षं आधीची आणि ऑर्लँडो ब्लूम पहिल्या वेळेपेक्षा १२ वर्षांनी मोठा. एल्फ म्हातारे होत नाहीत म्हणे. नट होतात. डोळ्यांत भरलेली ती निळाई तर दुकानातल्या बाहुलीची.

टॉरिएल हे एल्फ बाईचं पात्र पूर्णपणे नवीन. यावर पुस्तकनिष्ठांनी फार आरडाओरडा केला, आणि तो चुकीचा होता. मूळ पुस्तकात नावानिशी आलेली बाई शोधायला गेलं तर बिल्बोची आई सापडते, तीही फक्त उल्लेखापुरती. तेव्हा एखादी बाई हवीच होती, आणि इव्हँजेलिन लिली धनुष्य हातात घेते तेव्हा बाकीचे एल्फ सरावाला आलेले वाटतात. पण तिला काम काय दिलं? तेरातल्या सर्वांत देखण्या, दाढीही धड न ठेवणाऱ्या किलीवर जीव जडवायचं. प्रेमाचा त्रिकोण नको या अटीवर भूमिका घेतली आणि मागाहूनच्या चित्रीकरणात तो त्रिकोण आलाच, हे लिलीनं स्वतः मुलाखतींतून सांगितलं आहे. तुरुंगाच्या गजांआडून ताऱ्यांच्या गप्पा होतात, त्याही आधी विजारीवरून एक विनोद होतो, आणि पुढच्या तासाभराचं गणित या दोघांसाठी वाकवलं जातं.

कसं ते बघा. प्रेम पुढे न्यायचं तर किली जखमी हवा, म्हणून त्याला विषारी बाण. जखमी माणूस डोंगर चढू शकत नाही, म्हणून तो तळ्याकाठच्या गावात मागे राहणार. एकटा कसा राहील? भाऊ फिली राहिला. औषधपाण्याला ओइन राहिला. आणि बोफूर? तो रात्रीची उतरली नाही म्हणून झोपून राहिला, होडी चुकली. ज्या डोंगरासाठी पिढ्या झुरल्या त्याच्या पायथ्याशी येऊन हा गडी झोपून राहतो. पुस्तकात तेराही जण डोंगरावर जातात. सिनेमात नऊच पोचतात, आणि उरलेल्या चौघांच्या नावानं ऐन ड्रॅगनच्या प्रवेशात आपल्याला वारंवार गावात नेऊन आणलं जातं. समोर गवय्यानं नुकता षड्ज लावलाय आणि कोणीतरी मागून विचारतंय, वडापाव हवाय का?

आता पिंपं. सिनेमा संपल्यावर लोक जास्तीत जास्त याच प्रसंगाबद्दल बोलतात, म्हणून त्याच्याशी नीट भांडायला हवं. पुस्तकात बुटक्यांना पेंढा भरून पिंपांत कोंबतात, झाकणं ठोकतात आणि रात्री नदीत सोडतात. बिल्बोला पिंपात बसवायला कोणी उरत नाही. तो बाहेरून एकाला चिकटून भिजत जातो आणि त्याला अशी सर्दी होते की पुढे गावजेवणात आभार मानतानाही त्याचं नाक बोलतं. यात कोणी कोणाला मारत नाही. तरीही गुदमरण्याची भीती आहे, थंडी आहे, आणि सरदारांच्या अंगाला येणारा सफरचंदांचा वास आहे.

सिनेमात पिंपं उघडी, दिवस लख्ख, आणि दोन्ही काठांवर ऑर्क, म्हणजे मागावर असलेले राक्षसी शिपाई. न्यूझीलंडमधल्या पेलोरस नदीवर आणि बांधून घेतलेल्या पाण्याच्या चरात हे चित्रित झालं. मधूनच चित्र एकदम किरकिरीत होतं, रंग विटतात, पाणी भिंगावर उडतं. डोळ्यांचा दोष नाही, ते तुकडे छोट्या गोप्रो कॅमेऱ्यांचे आहेत. मुख्य चित्रीकरणाच्या पाच के रेड कॅमेऱ्याच्या गुळगुळीत चित्रात ते ठिगळासारखे दिसतात. गंमत अशी की अख्ख्या प्रसंगात खरं पाणी तेवढ्याच ठिगळांत असल्यासारखं वाटतं.

तोल बघा. उघडं पिंप पाण्यात उभं राहायला तळाशी भार लागतो. त्यात माणूस छातीपर्यंत वर निघालेला, हातात कुऱ्हाड, खाली खळाळ: पहिल्याच वळणावर ते आडवं व्हायला हवं आणि दुसऱ्यावर भरून बुडायला हवं. इथे ते भोवऱ्यासारखं उभं राहतं. बॉम्बूरचं पिंप तर उसळून काठावर जातं, ऑर्कांना चिरडत गडगडतं, मग पिंपाला हात-पाय फुटतात, दोन कुऱ्हाडी गरागरा फिरतात, आणि हा शंभरएक किलोचा गृहस्थ उडी मारून थेट एका रिकाम्या पिंपात उतरतो. लेगोलास बुटक्यांच्या टाळक्यांवर पाय देऊन नदी ओलांडत बाण मारतो. मान कोणाचीही लचकत नाही. पहिल्यांदा हसू येतं, हे कबूल. पण हसता हसता आत काहीतरी कायमचं सुटतं. एकदा कळलं की यांना वजन नाही, आपटलं तर लागत नाही, की पुढच्या प्रत्येक कड्यावर, प्रत्येक साखळीवर, प्रत्येक ज्वाळेपुढे आपण निवांत. पिंपांनी कमावलेल्या दहा मिनिटांच्या टाळ्यांचं व्याज शेवटच्या अर्ध्या तासात भरावं लागतं.

तळ्यावरचं गाव मात्र छान उभं केलंय. ओल्या लाकडाचा काळपटपणा, पाण्यावरचे बर्फाचे पापुद्रे, एकमेकांच्या अंगावर कललेली घरं. मासळीचा वास येतो अगदी. बुटक्यांना आधी मासळीखाली पुरून जकातीतून काढतात आणि मग त्यांना होडीतून आणणाऱ्या बार्डच्या घरात संडासातून वर घेतात. राजवंशाचा वारस थोरिन भोकातून डोकं काढतो तेव्हा रिचर्ड आर्मिटेजचा चेहरा बघण्यालायक आहे. स्टीफन फ्रायचा नगराध्यक्ष आणि त्याचा तो चिकट कारकून आल्फ्रिड कोणत्याही नगरपालिकेत खपतील. ड्रॅगनला मारायच्या काळ्या बाणाचं काय केलं ते मात्र पटत नाही. पुस्तकात तो बार्डचा वाडवडिलांपासून आलेला साधा बाण असतो, जो मारल्यावर दर वेळी परत मिळत आलेला आहे. सिनेमात तो पहारीएवढा लोखंडी गज होतो, त्याला मारायला खास यंत्र. नेम चुकण्याची भीती गेली, अवजड सामानाची वाहतूक आली.

गॅन्डाल्फचा उपकथाभाग सुटा काढला तर सिनेमाला खरचटणारही नाही. म्हातारा एकटाच पडक्या किल्ल्यात जातो आणि अपेक्षेप्रमाणे अडकतो. तिथे ज्वाळेचा डोळा, डोळ्याच्या बाहुलीत उभा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा खलनायक सॉरॉन, त्या सॉरॉनमध्ये पुन्हा डोळा, पुन्हा सॉरॉन... शोभादर्शक हातात आलेल्या पोरासारखं दिग्दर्शकाचं झालंय. थांबवत का नाही कोणी?

आता डोंगरात शिरायचं गुप्त दार. वर्षातला एकच दिवस, त्या दिवसाच्या शेवटच्या उजेडात दगडातलं किल्लीचं भोक दिसणार. एवढं मोठं अंतर तोडून, कोळी, एल्फ, ऑर्क सगळं सोसून हे नऊ जण वेळेत पोचतात. सूर्य बुडतो. भोक दिसत नाही. आणि जेमतेम मिनिटभरात थोरिन किल्ली टाकून देतो, सगळे उतरायला लागतात! आळंदीहून पायी पंढरपूर गाठलं, नामदेव पायरीपाशी आले, दार लोटलेलं दिसलं, म्हणून वारकरी पाठ फिरवून एसटी स्टँडकडे निघाले, असं कोणी ऐकलंय? शेवटचा उजेड म्हणजे चंद्राचा, हे एकट्या बिल्बोला सुचावं म्हणून बाकी नऊ जणांची अक्कल गहाण टाकली आहे. पुस्तकात चंद्राची ही युक्ती नाही. तिथे एक पक्षी दगडावर गोगलगाय आपटतो, मावळत्या सूर्याचा एकच किरण ढगांच्या फटीतून येतो आणि कपची निखळते. कोणीही रुसून घरी जात नाही.

आणि मग आत. इथून पुढची वीस-पंचवीस मिनिटं, गावातली ये-जा वगळून, या तिन्ही सिनेमांतली सर्वोत्तम. बिल्बो सोन्याच्या डोंगरावर एक पेला उचलतो, नाणी घरंगळतात आणि ढिगाखाली एक पापणी दिसते. सोनं वाळूसारखं नव्हे तर सोन्यासारखं घसरतं: जड, आधी थोडं थांबून, मग एकदम. स्माउग अंग वर काढतो तेव्हा त्याच्या पाठीवरून धबधबा सुटतो आणि कितीतरी वेळ शेवटची नाणी पडत राहतात. संगणकावर दृश्यं घडवणाऱ्या वेटा डिजिटलच्या लोकांनी वजन म्हणजे काय ते इथे दाखवलं. तेच लोक, तेच संगणक, तासाभरापूर्वीची ती पिंपं. म्हणजे जमत नव्हतं असं नाही, कोणी मागितलंच नव्हतं.

शरीराबद्दल एक बारीक गोष्ट. पहिल्या भागाच्या २०१२ च्या आवृत्तीत ड्रॅगनची जी ओझरती झलक होती तिथे तो चार पायांचा होता. दुसऱ्या भागात त्याला मागचे दोन पाय आणि पुढे पंखच हातासारखे, वटवाघळाचे असतात तसे. हा बदल शोभेचा नाही. पंखांच्या कोपरांवर रेलून तो बोलतो, बोटं पसरतो, मान वळवून दुसऱ्या बाजूनं येतो, चोराभोवती फिरतो. बोलणाऱ्या प्राण्याला हातवारे मिळाले. चार पायांवर उभा असता तर बैल बोलतोय असं वाटलं असतं.

आवाज बेनेडिक्ट कंबरबॅचचा, आणि हालचाली टिपण्यासाठी त्यानं स्वतः जमिनीवर सरपटूनही काम केलं. बीबीसीच्या मालिकेतले शेरलॉक आणि वॉटसन इथे ड्रॅगन आणि चोर होऊन समोरासमोर. प्रसंगाची गंमत अशी की दोघंही एकमेकांना खेळवताहेत. बिल्बो जीव वाचवायला तोंडभरून स्तुती करतो. स्माउगला कळतं की ही निव्वळ मस्का पॉलिश आहे, तरी त्याला ती आवडते. बिल्बो कोड्यात नावं सांगतो आणि त्याच तोऱ्यात ‘पिंपावर बसणारा’ असं बोलून जातो. झालं: ड्रॅगन पिंपांवरून तळ्याकाठचं गाव ओळखतो. एका फुशारकीनं गावावर बुलडोझर. हे पुस्तकातलंच आहे आणि ते बिघडवलं नाही, याबद्दल खरंच आभार. संगीतकार हॉवर्ड शोअरनं स्माउगसाठी गॅमेलान या इंडोनेशियन धातुवाद्यांची घणघण वापरली आहे. तांब्याच्या परातींचा ढीग कोणीतरी फार हळू, फार जाणूनबुजून वाजवावा तशी ती ऐकू येते. पहिल्या भागातली बुटक्यांची ती लक्षात राहिलेली धून मात्र इथे गायब. जिला सगळं थेटर गुणगुणत बाहेर पडलं तीच काढली. असला हिशेब कोण करतं देव जाणे.

पुस्तकात या संवादानंतर स्माउग चिडतो, डोंगराची कूस फोडतो आणि गाव जाळायला निघतो. पण मग दुसऱ्या भागाला शेवटची मोठी लढाई कुठून आणायची? म्हणून बुटके आत घुसतात आणि डोंगरातल्या जुन्या भट्ट्या पेटवून ड्रॅगनला वितळलेल्या सोन्यात बुडवायचा कार्यक्रम सुरू होतो. जो प्राणी अदृश्य चोराचा वास ओळखतो, त्याला हातभर अंतरावर धावणारे नऊ जण सापडत नाहीत. फुंकर मारतो ती नेमकी खांबावर.

भट्टीचं शास्त्र बघू, कारण इथे सिनेमा अर्धाच चुकतो आणि तो अर्धा मजेदार आहे. सोनं १०६४ अंशांना वितळतं. घट्ट असताना त्याची घनता पाण्याच्या १९ पटींहून थोडी जास्त, लोखंडाची आठ पटींना जरा कमी, आणि लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. म्हणजे थोरिन वितळलेल्या सोन्याच्या प्रवाहावर लोखंडी हातगाडीत बसून जातो तेव्हा गाडी बुडणार नाही हे बरोबर आहे. भरीव लोखंडाचा ठोकळासुद्धा सोन्यावर लाकडासारखा तरंगेल. चुकतं ते एवढंच की गाडीतला माणूस पापड होईल. सोनार मुशीत तोळाभर सोनं वितळवतो तेव्हाही सांडशी लांब धरतो. इथे महाराज नदीवर बसलेत आणि दाढीचा एक केस करपत नाही.

पुढे पुतळा. सोनं साच्यात ओततात, साच्याच्या साखळ्या खेचतात आणि थोरिनच्या आजोबांच्या आकाराचा सोन्याचा पुतळा क्षणभर उभा राहतो. स्माउग त्याच्याकडे लहान मुलासारखा हावरटपणे बघतो, आणि पुतळा फुटून त्याच्या अंगावर कोसळतो. साच्याला लागलेला थर आधी घट्ट होतो आणि आतलं पातळ राहतं, ही कल्पना ओतकामाला धरूनच आहे. पण दहा मीटर उंच सोन्याच्या रसाचा तळाशी दाब सुमारे १७ वातावरणांइतका होतो. असली साल साखळी सुटायच्या आधीच फाटेल. आणि पिढ्यान्‌पिढ्या थंड पडलेल्या भट्ट्या एका फुंकरीत पेटून डोंगरभर सोनं काही मिनिटांत पातळ होतं, तर मग गॅसचं बिल येतं कोणाला?

ही सगळी सोनारी माफ करता आली असती, जर तिचा काही परिणाम झाला असता. होतं काय? स्माउग सोन्यात बुडतो, सोन्याचा मुलामा चढवून बाहेर येतो, अंग झटकतो आणि उडून जातो. म्हणजे संवाद संपला तेव्हा होते तिथेच सगळे परत. आगीत राहणाऱ्या प्राण्याला गरम धातूनं मारायचा बेत आखणाऱ्यांकडून आणखी काय अपेक्षा करणार?

ऑस्करला दृश्य परिणाम, ध्वनिसंपादन आणि ध्वनिमिश्रण अशी तीन नामांकनं होती, तिन्ही ‘ग्रॅव्हिटी’नं नेली. स्माउगच्या बाजूनं बोलायचं तर अन्याय झाला. पिंपांच्या बाजूनं बोलायचं तर बरंच झालं.

घरी बघणाऱ्यांसाठी थोडं. पहिल्यांदा बघत असाल तर १६१ मिनिटांची आवृत्ती घ्या. १८६ मिनिटांच्या वाढीव आवृत्तीत बेऑर्नकडचं आगमन, गुंगीचा ओढा आणि किल्ल्यात सापडणारा थोरिनचा बाप थ्राइन हे तीन भाग कामाचे आहेत. तिसऱ्यामुळे गॅन्डाल्फचं तिथे जाणं निदान कारणी लागतं. पुस्तक वाचलेल्यांना हीच आवृत्ती जास्त रुचेल. काही थेटरांत हा सिनेमा सेकंदाला ४८ चौकटींनी दाखवला होता. तेव्हा सगळं इतकं स्वच्छ दिसायचं की नकली दाढीचा चिकटवलेला काठही जाणवावा. घरच्या चकत्यांवर तो २४ चौकटींचाच आहे. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा, नाहीतर तो टीव्ही मधल्या चौकटी मनानं घालेल आणि एल्फांचा दरबार दुपारच्या मालिकेतल्या दिवाणखान्यासारखा दिसेल. डिसेंबर २०२० मध्ये आलेली फोर के आवृत्ती सोन्याच्या ढिगांसाठी वसूल आहे. अंधारात चमकणारं सोनं साध्या चकतीवर पिवळ्या मातीत मिसळतं.

आवाजाचंही बघा. स्माउगचं निम्मं वजन खालच्या सुरांत आहे. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर तो सर्दी झालेला शिक्षक वाटतो. वूफर नसेल तर चांगले बंद हेडफोन लावा, आणि रात्री आवाज दाबणारा मोड चुकूनही चालू ठेवू नका, त्यात कुजबुज आणि गर्जना एकाच उंचीवर येतात. घरात सात-आठ वर्षांची पोरं असतील तर कोळ्यांचा भाग आणि मुंडकी उडण्याचे प्रसंग आधी स्वतः बघून ठरवा. ड्रॅगनला पोरं घाबरत नाहीत, कोळ्यांना घाबरतात. वेळ कमी असेल तर सरळ पुढे ढकलायच्या जागा दोन: गॅन्डाल्फ किल्ल्यात शिरला की तो भाग, आणि किलीच्या जखमेवर पाला चोळला जात असताना टॉरिएल उजळायला लागते तो भाग. काही चुकणार नाही.

शेवटी स्माउग गावाच्या दिशेनं झेपावतो, आपण आग आहोत, मृत्यू आहोत असं बजावतो, बिल्बोचा चेहरा पडतो आणि काळोख. खाली एड शीरनचं गाणं. २०१३ मध्ये यानंतर लोक वर्षभर ताटकळले. तुम्हाला तसं करायची गरज नाही. तिसऱ्या भागाची चकती हाताशी ठेवा आणि लगेच लावा. त्याचं नाव पडद्यावर येण्याआधीच, पहिल्या दहा-बारा मिनिटांत, गाव जळतं, बार्डचा तो गज सुटतो आणि स्माउग पडतो. नाव आलं की बंद करा. पुढे नुसती पिंपं आहेत, फक्त त्यांना चिलखतं घातली आहेत.